शॉकअप घरी बदलला, पण चाकांच्या रेषेचे काय?

बोरीहून जिंतूर, परभणीच्या बाजारात माल नेणाऱ्या ज्या व्यापारी बांधवांकडे अजून मारुती ओम्नी आहे, त्यांच्यासाठी ही माहिती. २०१९ साली या गाडीचे उत्पादन बंद झाले. गाडी साधी, म्हणून शॉकअप, बुश, टाय रॉड एंड यांचे काम पुष्कळजण अंगणातच उरकतात. मजुरी वाचते. परंतु चाकांची रेषा बिघडली तर त्याहून मोठे नुकसान टायरचे होते.

हिशेब असा. पुढच्या दोन टायरांमधील अंतर पुढून आणि मागून मोजल्यास जो फरक येतो, त्याला टो म्हणतात. सुमारे ५० सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर हा फरक ठरलेल्या मापापेक्षा ५ मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे जवळजवळ ५ मीटर आडवे घासले जाते.

म्हणून नट सैल करण्याआधी खुणा कराव्यात. शॉकअपचे खालचे दोन बोल्ट जिथे बसले आहेत, तिथे रंगाची रेघ ओढावी. जुना टाय रॉड एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजून लिहावे. नवा तितकेच फेरे बसवावा. बुशचे बोल्ट चाक अधांतरी असताना पक्के आवळू नयेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर आवळावेत, नाहीतर रबर पिळून लवकर फाटते. मागचे पाटे खोलले असतील तर मधल्या बोल्टचे डोके एक्सलच्या खाचेत नीट बसवावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

काम झाल्यावर हवा सारखी भरून, स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी सपाट जागी थोडी पुढे ढकलावी. पुढच्या टायरांच्या मागील बाजूस, मधोमध, सारख्या उंचीवर खडूने खूण करून अंतर मोजावे. मग चाक अर्धा फेरा पुढे फिरवून त्याच खुणांमधील अंतर पुढून मोजावे. दोन मापांचा फरक गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

फीत टो सांगते. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, सांगत नाही. म्हणून घरचे माप फक्त अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत जाण्यापुरते समजावे आणि तिथवर गाडी रिकामी, सावकाश न्यावी. पुढे महिन्यातून एकदा टायरवर आडवा हात फिरवावा. करवतीसारखी धार लागली किंवा एकच कड झिजलेली दिसली, तर गठ्ठे भरण्याआधी गाडी दाखवावी.