विमान उडविण्यापूर्वीचा अभ्यास

आम्ही पेशाने बँकेतील कारकून आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. विमानाशी आमचा संबंध आकाशात आवाज आला की मान वर करण्यापुरताच. परंतु गेल्या वर्षी जुन्या शहरातील बारावीचा एक विद्यार्थी आमच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "काका, पायलट व्हायचं आहे. कर्ज मिळते काय?" आम्ही सवयीने म्हणालो, "अरे बाबा, आधी पोलीस भरतीचा फॉर्म भर." तो काही न बोलता निघून गेला. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. माहिती नसताना एखाद्याला मागे ओढण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावले आणि दोघांनी मिळून माहिती गोळा केली. तीच येथे विद्यार्थी व पालकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट क्रमाची. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने दोन एकर वावर विकून एका खाजगी संस्थेत मुलाची फी भरली. वैद्यकीय तपासणी नंतर झाली आणि तीत मुलाला काही रंग ओळखू येत नाहीत असे निघाले. वावरही गेले आणि वर्षही गेले. म्हणून आधी तपासणी, मग पैसा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्य केलेल्या डॉक्टरांकडून प्रथम 'वर्ग दोन' व नंतर 'वर्ग एक' अशी तपासणी होते. चष्मा असला म्हणून रस्ता बंद होत नाही.

यानंतर परवान्यांच्या पायऱ्या येतात. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळा वर्षे पूर्ण झालेल्या दहावी उत्तीर्णास मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यास वय अठरा आणि किमान २०० तास उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून स्वतः उडवावे लागतात. बारावीस भौतिकशास्त्र व गणित असावे, अशी अट अनेक वर्षे चालत आली आहे. कला व वाणिज्य शाखेच्या मुलांनी मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन ती पूर्ण केल्याची उदाहरणे आहेत. २०२५ मध्ये ही अट शिथिल करण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा अर्ज करतेवेळी चालू नियम पाहून घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. विमानात बसण्याआधी खूप अभ्यास करावा लागतो. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमान व इंजिनाची तांत्रिक माहिती असे विषय असतात आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. हे विषय कठीण वाटतात, पण आपल्या अकोल्यावरूनच ते समजू शकतात.

अकोला ते नागपूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२० नॉटिकल मैल आहे. वैमानिकांचा एक सोपा हिशेब आहे: दिशा एक अंश चुकली तर साठ मैलांवर एक मैल चूक पडते. म्हणजे नागपूर येईपर्यंत आपण दोन मैल बाजूला गेलेले असू. पाच अंश चुकले तर दहा मैल! हे सातवी-आठवीचे त्रैराशिक आहे.

दुसरे उदाहरण आपल्या उन्हाळ्याचे. शिवणीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फूट उंच आहे. या उंचीवर प्रमाणित तापमान १३ अंश धरतात. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला तर फरक ३० अंशांचा झाला. दर अंशास सुमारे १२० फूट धरले, तर ३,६०० फूट वाढतात. म्हणजे विमानाला वाटते, आपण ४,६०० फुटांवर, चिखलदऱ्याहूनही उंच आहोत. उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्ती घटते आणि धावपट्टी अधिक लागते. सकाळी सहजपणे उडणारे विमान भर दुपारी त्याच धावपट्टीवर अडचणीत येऊ शकते. हा हिशेब ज्याने जमिनीवर केला नाही, त्याला तो हवेत सुचत नाही.

याखेरीज रेडिओवर इंग्रजीतून नेमके व थोडक्यात बोलता आले पाहिजे. आमच्या मुलांचे अडते ते येथे. अभ्यासिकेत रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचले तरी जीभ वळते.

शिकायचे कोठे? उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. तेथे प्रवेश परीक्षा असून अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा असतात. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी, तसेच बारामती व धुळे येथे प्रशिक्षण झालेले आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली आणि तेथे एअर इंडियाने प्रशिक्षण संस्थेचे काम हाती घेतले.

खर्चाबाबत खोटी आशा दाखवीत नाही. तो चाळीस लाखांच्या वर जाऊ शकतो. शैक्षणिक कर्ज साधारणतः साडेसात लाखांवर गेले की बँक स्थावर तारण मागते. जुन्या शहरातील कित्येक घरे आजही आजोबांच्या नावावर आहेत आणि वारसांची नोंद झालेली नाही. असे घर तारण घेता येत नाही. म्हणून पालकांनी मुलगा दहावीत असतानाच नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्ती योजनांत वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश होत आलेला आहे. समाजकल्याण कार्यालयात त्याची लेखी चौकशी करावी.

जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ते धनिक घरचे होते. परंतु १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कलकत्ता-सिल्चर विमान केवळ स्त्रियांनी चालविले. आज ज्याला 'आपले काम नव्हे' म्हणतात, ते उद्या कोणाचेही होऊ शकते.

तो विद्यार्थी 'वर्ग दोन' तपासणीत उत्तीर्ण झाला असून सध्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करीत आहे. त्याला जागा मिळेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. मात्र यापुढे कोणी मुलगा वा मुलगी असा प्रश्न घेऊन आमच्या टेबलाशी आली, तर आम्ही आधी खुर्ची देऊ आणि मग उत्तर देऊ. वाचकांनीही तसेच करावे, एवढीच नम्र विनंती.