मॉनिटरवरचे आकडे आणि जगण्याचे आकडे

आयसीयूत भेटायची वेळ पाच-दहा मिनिटांची. पेशंटला हाक मारून होते आणि नजर आपसूक मॉनिटरकडे वळते. सॅच्युरेशन काल ८८ होतं, आज ९५ दिसतंय. जीव भांड्यात पडतो. ही आशा अगदी साहजिक आहे. पण अत्यवस्थ पेशंट कशाने वाचतात याचा गेल्या पंचवीस वर्षांत जो शोध लागला, तो या आशेला जरा थांबवणारा आहे. आकडा सुधारला म्हणजे पेशंट सुधारला, असं नसतं. हे डॉक्टरांनाही फार मोठी किंमत मोजल्यावर समजलं.

न्यूमोनिया, सेप्सिस, स्वादुपिंडाची सूज अशा आजारांत कधी कधी दोन्ही फुप्फुसं पाण्याने भरून घट्ट होतात. याला एआरडीएस म्हणतात. कोविडच्या लाटांत हा शब्द घराघरांत पोचला. अशा पेशंटला व्हेंटिलेटरवरून पूर्वी मोठमोठे श्वास दिले जात. शरीरात ऑक्सिजन जायलाच हवा, मग भरपूर का देऊ नये, असा साधा हिशोब होता. अडचण अशी, की आजारी फुप्फुसाचा थोडाच भाग हवा घेण्याजोगा उरलेला असतो. सगळी हवा त्या चिमुकल्या भागात घुसते, तो ताणला जातो, फाटतो. जीव वाचवणारं यंत्रच इजा करत होतं.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ८६१ पेशंटवर हे तपासलं आणि २००० साली निष्कर्ष छापले. काहींना किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास दिला, काहींना फक्त ६ मिलिलिटरचा. हे वजन काट्यावरचं धरत नाहीत, उंचीवरून काढतात. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस काही मोठं होत नाही. साडेपाच फुटांच्या पुरुषासाठी हा फरक साधारण साडेसातशे आणि पावणेचारशे मिलिलिटर असा पडतो. मोठ्या श्वासाच्या गटात जवळपास ४० टक्के दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचे रिपोर्ट मोठ्या श्वासाच्या गटाचे चांगले होते. ज्यांचे कागद बरे दिसत होते, त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले.

पेशंटला पालथं झोपवण्याचंही असंच झालं. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपल्यावर तो हृदयाच्या आणि पोटाच्या भाराखाली दबतो. पालथं केलं की उघडतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी पेशंटना दिवसातून सरासरी सात तास पालथं ठेवलं. ऑक्सिजन वाढला, मृत्यू मात्र घटले नाहीत. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी धीर सोडला नाही. सर्वांत गंभीर पेशंट निवडून त्यांनी एकेका वेळी किमान सोळा तास पालथं ठेवलं. २०१३ साली निष्कर्ष आले: २८ दिवसांत उताण्या गटात ३२.८ टक्के मृत्यू, पालथ्या गटात १६ टक्के. निम्मे! यात नवं औषध नाही, महाग यंत्र नाही. लागतात ती माणसं. एकजण डोक्याशी उभा राहून श्वासाची नळी घट्ट धरतो आणि आकडे मोजतो, दोन्ही बाजूंचे त्याच्या इशाऱ्यावर पेशंटला वळवतात, मग सिस्टर गालाखाली, छातीखाली उशा सारून कुठे दाब पडत नाही ना ते पाहतात. या कामाचं बिलात कुठे नाव नसतं, म्हणून ते इथे सविस्तर लिहिलं.

साखरेचंही तेच. रक्तातली साखर इन्शुलिनने काटेकोर ८१ ते १०८मध्ये ठेवली तर मृत्यू वाढतात. १८०पर्यंत चालवून घेतली तर कमी होतात, हे २००९ साली सहा हजारांवर पेशंटच्या अभ्यासात दिसलं. हिमोग्लोबिन दहाच्या वर नेण्यासाठी रक्ताच्या पिशव्या चढवत राहण्यानेही आयसीयूतले बहुतेक पेशंट जास्त वाचत नाहीत.

आणि वाचलेल्यांचं पुढे काय होतं? टोरंटोमध्ये एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांची फुप्फुसं बहुतांशी पूर्ववत झाली होती. पाय मात्र साथ देत नव्हते. सहा मिनिटांत जेवढं चालता यायला हवं, त्याच्या दोन तृतीयांशच अंतर ते कापत होते, आणि वर्षानंतर जेमतेम निम्मे कामावर परतले होते. यातले बरेचजण चाळिशी-पंचेचाळिशीचे, कर्ते. दवाखान्यातच त्यांचं वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटलं होतं, आणि त्यात स्नायूच मोठ्या प्रमाणात गेले होते.

म्हणून भेटीच्या त्या पाच मिनिटांत डॉक्टरांना सॅच्युरेशनच्या जोडीने आणखी काही विचारता येतं. गुंगीचं औषध कमी करता येतंय का? हातापायांचा व्यायाम सुरू झाला का? घरी सोडल्यावर फिजिओथेरपी कुठे आणि किती महिने? डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी असते. व्यायामाची ओळ नसेल, तर ती आग्रहाने लिहून घ्यावी.