स्टोरी भन्नाट आहे? मग लिहा की!

‘माझ्याकडे एक भन्नाट स्टोरी आहे, पण आत्ता सांगत नाही. कोणी ढापली तर?’ हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा कॉलेजच्या कट्ट्यावर जात नाही. मास कॉमच्या वर्गात तर दर तिसऱ्या बाकावर एक पिक्चर तयार असतो. फक्त डोक्यात. कागदावर मागितला की ‘अजून डेव्हलप करतोय’.

गंमत अशी की, जी चोरीला जायची एवढी भीती वाटते ती डोक्यातली कल्पना कायद्याच्या लेखी कुणाचीच नसते. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्थानी’ नावाचं नाटक लिहिलं होतं. विषय प्रांताप्रांतांतल्या दुराव्याचा आणि त्यात अडकलेल्या लग्नाचा. १९५६मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आला. तो आपल्याच नाटकावरून उचललाय, असं म्हणत आनंद कोर्टात गेले. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९७८मध्ये आनंद हरले. विषयावर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, असं कोर्टाने सांगितलं. आनंद यांचं तर अख्खं नाटक लिहून, स्टेजवर होऊन गेलेलं होतं! आपल्याकडे काय, चहा पिताना मित्राला ऐकवलेली वन लाइन.

त्यामुळे आधी लिहून काढा. पण इथे एकांकिकावाल्यांचा (हो, पुरुषोत्तम आणि फिरोदियावाल्यांनो, तुमचाच) घोळ होतो. त्यांना आधी डायलॉग सुचतात. दोन पात्रं समोरासमोर उभी राहतात आणि मनातलं सगळं बोलून मोकळी होतात. स्टेजवर टाळ्या मिळतील, पण पटकथेचा हिशोब वेगळा आहे. सीन नंबर, आत की बाहेर, जागा कुठली, दिवस की रात्र हे वर लिहायचं. खाली फक्त जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच, तेही वर्तमानकाळात. ‘निशाला जावेचा हेवा वाटायचा’ हे कादंबरीत चालेल, पण शूट कसं करणार? त्याऐवजी, ‘निशा जावेच्या नव्या साडीची घडी घालते. दाराकडे बघते. पटकन पदर उलटून किमतीचं लेबल शोधते.’ हेवा हा शब्दच लागला नाही.

‘फँड्री’मधला राष्ट्रगीताचा सीन आठवा. डुकराचा पाठलाग ऐन रंगात आलेला असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं कुटुंब आहे तिथे उभं राहतं. डुक्कर मात्र थांबत नाही. यात डायलॉग कुठे आहे? नागराज मंजुळेंचा हा सीन एकदा आवाज बंद करून बघा आणि दिसेल तसा ओळीओळीने कागदावर उतरवा. आवडत्या सिनेमाचे असे चार-पाच सीन उतरवलेत तरी बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. पुण्यात एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा वेगळा कोर्सही आहे, पण प्रवेश मिळेपर्यंत हात चालू ठेवायला हा फुकटचा क्लास चांगला.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा नियम सगळेच सांगतात. देवनागरीत आणि आपल्या मनाच्या फॉन्टमध्ये तो नेहमी जुळत नाही. त्यापेक्षा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून सीन मोठ्याने वाचा. फॉरमॅटच्या सॉफ्टवेअरवर महिना घालवणाऱ्यांबद्दल मला खरं तर जरा शंकाच येते. आणि पहिल्याच शॉर्ट फिल्ममध्ये ‘रात्र, धो धो पाऊस, एसटी स्टँडवर शंभर माणसं’ असं लिहिण्याआधी पाऊस कोण पाडणार, हेही बघा.

लिहून झालं की मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन स्क्रिप्ट रजिस्टर करता येते. त्याने चोरी थांबत नाही. पण अमुक तारखेला हे लिखाण तुमच्याकडे होतं, याचा पुरावा हातात राहतो. ड्राफ्ट बराच बदलला तर पुन्हा रजिस्टर करायचा. कुणाला गोष्ट ऐकवून आलात तर त्याच संध्याकाळी मेल टाका, ‘आज आपल्याला अमुक कथा ऐकवली, ड्राफ्ट सोबत जोडला आहे.’ यात आगाऊपणा काही नाही.

माझ्या ओळखीतल्या एकीने गेल्या वर्षी एका वेब सिरीजचे चार एपिसोड लिहिले, सगळं तोंडी बोलीवर. ‘एक्स्पोजर मिळेल, पैशांचं नंतर बघू,’ असं ऐकून. सिरीज आली, तेव्हा तिचं नाव ‘विशेष आभार’मध्ये होतं, तेही आडनाव चुकवून. पैसे आलेच नाहीत. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी क्रेडिट्स असतात. त्यातलं कुठलं आपलं, हे तिने आधी विचारलंच नव्हतं, आणि समोरच्यांनी आपणहून सांगितलं नाही.

सध्या ती एका शॉर्ट फिल्मवर काम करतेय. या वेळी दोन पानांचा करार आहे. क्रेडिट ‘पटकथा आणि संवाद’. पैसे तीन हप्त्यांत: सही करताना, पहिला ड्राफ्ट दिल्यावर आणि शेवटचा दिल्यावर. ड्राफ्ट तीनच. चौथा हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे.