चारिका आणि संचाराचा हक्क

'चारिका' हा पालि शब्द 'चर्' म्हणजे चालणे या धातूपासून आला आहे. वर्षावासाचे तीन महिने सोडले तर भगवान बुद्धांचे व त्यांच्या भिक्खूंचे जीवन बव्हंशी चारिकेचे होते. ही चारिका शक्य झाली ती वाटेवरच्या गावांत भिक्षा, पाणी व निवारा मिळत गेल्यामुळे. संचाराच्या हक्काचा विचार करताना ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी, असे आम्हांस वाटते.

1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने 13 व्या कलमात प्रत्येकास आपल्या देशात संचार व वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. भारतीय संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदातही ते आहे. परंतु हे संरक्षण मुख्यतः राज्यसंस्थेच्या अडवणुकीविरुद्ध आहे. माणसाला माणूसच अडवीत असेल तर काय?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात 1901 सालचा आपला बालपणीचा प्रवास सांगितला आहे. गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे घरातील मुले साताऱ्याहून निघाली. रेल्वेने त्यांना मसूरपर्यंत आणले. तिकीट सर्वांना सारखेच होते. मुले महार आहेत हे कळताच मात्र एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनीच बैलगाडी हाकावी आणि आपण पायी चालावे, या अटीवर. शिदोरी जवळ होती. पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली. येथे सरकारने कोणासही रोखले नव्हते. स्वदेशातच ज्यांना पदोपदी परवानगी मागावी लागते, त्यांची स्थिती त्या शीर्षकातील 'व्हिसा' या शब्दाने नेमकी दाखविली आहे.

म्हणूनच 19 वा अनुच्छेद 15 व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडासह वाचला पाहिजे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरास जातीच्या कारणाने आडकाठी करता येणार नाही, असे तो सांगतो. आणि हे बंधन नागरिकांवरही आहे. पाण्यावाचून रस्ता खुला होत नाही, हे त्यात गृहीत आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा शिलालेख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तापी, दमण आदी नद्यांवर विनामूल्य नावा, दोन्ही तीरांवर सभागृहे व पाणपोया, आणि लेण्यापाशी पाण्याच्या 'पोढी' म्हणजे टाक्या यांची नोंद त्यात आहे. त्या काळी विषमता नव्हती, असे आमचे म्हणणे नाही. वाटसरूची सोय हे सार्वजनिक कर्तव्य मानले जात होते, एवढे मात्र त्यावरून निश्चित दिसते.

आज परिस्थिती पालटली आहे, पण पुरती नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसास सायकल वा मोटारसायकल चालविण्यास, वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडविणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट नमूद करावा लागला. शहरांत घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, हाही वाचकांचा अनुभव असेल.

कायद्याचा आधार घेऊन अशा अडवणुकीविरुद्ध दाद मागितलीच पाहिजे. त्याबरोबरच आपापल्या विहारात वाटसरूसाठी पाणी आणि रात्रीपुरता निवारा आहे काय, हेही आपण पाहावे. 6 डिसेंबरला दादरला येणाऱ्या लाखोंची सोय कार्यकर्ते करतात. तीच तत्परता उरलेल्या दिवशी, एकट्या अनोळखी प्रवाशासाठीही असावी.