लॅपटॉपची निवड : ग्राफिक्स आणि प्रोसेसर यांची जोडी

परीक्षांचे निकाल लागले की पालक शिक्षकांकडे आणि गावातील जाणत्या मंडळींकडे एक प्रश्न घेऊन येतात : मुलाला लॅपटॉप घ्यावयाचा आहे, तो कोणता घ्यावा? अलीकडे या प्रश्नाला नवी बाजू प्राप्त झाली आहे. 'गेमिंग लॅपटॉप' या नावाने विकली जाणारी यंत्रे आता केवळ खेळापुरती राहिलेली नाहीत. ॲनिमेशन, वास्तुरचना व चित्रफीत-संपादन शिकणारे विद्यार्थीही तीच वापरतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्यामुळे तरुणांचा या विषयांकडील ओढा वाढणे स्वाभाविक आहे.

अशा यंत्राची किंमत अनेकदा लाखाच्या घरात जाते. सामान्य कुटुंबास ही रक्कम लहान नव्हे. त्यातच लॅपटॉपमधील प्रोसेसर व ग्राफिक्सची चिप बहुधा मुख्य पटलावर डाख देऊन पक्की बसविलेली असते. ती मागाहून बदलता येत नाही. म्हणून निवडीतील चूक यंत्राच्या आयुष्यभर सोबत राहते.

कामाची वाटणी

पडद्यावरील हलते दृश्य म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे होत. प्रत्येक चित्रासाठी दोन घटक राबतात. कोणती वस्तू कोठे आहे, ती कोणत्या नियमाने हलेल, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि त्यानुसार आज्ञा देतो. त्या आज्ञेप्रमाणे पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरविण्याचे काम ग्राफिक्सची चिप करते. प्रोसेसरमध्ये मोजकी पण बलवान गणनकेंद्रे असतात, तर ग्राफिक्समध्ये लहान लहान केंद्रे हजारोंनी असतात. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप-ग्राफिक्समध्ये अशी ३,०७२ केंद्रे आहेत.

ही दोन्ही कामे समांतर चालतात. त्यामुळे जो घटक मंद, त्याच्या गतीने चित्रे उमटतात. समजा, एका चित्राचा हिशेब करण्यास प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि ते रंगविण्यास ग्राफिक्सला ७ मिलिसेकंद पुरतात. ग्राफिक्सच्या बळावर सेकंदाला सुमारे १४० चित्रे निघू शकली असती, पण प्रत्यक्षात मिळतात ८३. एक बैल जोमदार आणि दुसरा थकलेला असेल, तर औताची गती थकलेल्या बैलाचीच राहते, तसाच हा प्रकार होय.

पडद्याचा संबंध

पडद्यावरील बिंदू वाढले की ग्राफिक्सचे काम वाढते, प्रोसेसरचे मात्र फारसे वाढत नाही. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात, २५६० × १६०० च्या पडद्यावर ते सुमारे ४१ लाख होतात. म्हणून लहान पडदा व अतिवेगवान चित्रे हवी असतील तेथे प्रोसेसरची कसोटी लागते. सूक्ष्म, तपशीलवार चित्रे हवी असतील तेथे भार ग्राफिक्सवर पडतो.

नावापेक्षा अक्षर महत्त्वाचे

दुकानात 'आय-सेव्हन' हे नाव ऐकले की ग्राहक निश्चिंत होतो. परंतु नावाच्या अखेरचे अक्षर पाहिल्याविना निर्णय करू नये. इंटेलच्या कोअर आय७-१३५५यू या प्रोसेसरमध्ये बलवान केंद्रे केवळ २ आहेत आणि त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. उलट आय५-१३५००एच मध्ये बलवान केंद्रे ४ असून मर्यादा ४५ वॅट आहे. नाव धाकटे असूनही सशक्त ग्राफिक्सला दुसराच अधिक पेलतो. 'यू' हे अक्षर वीज वाचविणाऱ्या हलक्या यंत्रांचे आहे, तर 'एच' किंवा 'एचएस' जड कामाचे. 'एचएक्स' ही सर्वांत मोठी श्रेणी होय.

मध्यम ते वरच्या ग्राफिक्ससाठी अलीकडच्या पिढीतील, ६ ते ८ बलवान केंद्रांचा 'एच' अथवा 'एचएस' प्रोसेसर सामान्यतः पुरेसा ठरतो. 'एचएक्स'चा वाढीव खर्च दोनच प्रसंगी सार्थकी लागतो : ग्राफिक्स सर्वोच्च श्रेणीचे असल्यास, किंवा प्रोसेसरवरच दीर्घकाळ चालणारी कामे करावयाची असल्यास. एरवी तीच रक्कम वरच्या ग्राफिक्सवर खर्च करणे अधिक हितावह.

वीज, उष्णता आणि स्मृती

लॅपटॉपच्या चिंचोळ्या जागेत दोन्ही चिपांना वीज व शीतनव्यवस्था वाटून घ्यावी लागते. एकाने अधिक घेतले की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येते. शिवाय एकाच नावाचे ग्राफिक्स सर्व यंत्रांत सारखे चालत नाही. आरटीएक्स ४०६० ची वीजमर्यादा यंत्रानुसार ३५ पासून ११५ वॅटपर्यंत असू शकते. हा आकडा विक्रेत्याकडे आवर्जून विचारावा. स्मृती, म्हणजे रॅम, किमान १६ जीबी असावी. ती बदलता येणाऱ्या पट्ट्यांची असल्यास एका पट्टीऐवजी दोन पट्ट्यांत घ्यावी. त्यामुळे प्रोसेसरला माहिती दुहेरी वाटेने मिळते.

एक सोपी चाचणी

ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे, त्यांना उणीव कोठे आहे हे घरीच पाहता येईल. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्राचे बिंदू कमी करावेत. सेकंदाला उमटणारी चित्रे वाढली, तर अडसर ग्राफिक्सचा होता. ती तितकीच राहिली, तर बहुधा प्रोसेसरचा आहे असे समजावे. तो अडसर असल्यास बिंदू पुन्हा वाढवून अधिक रेखीव चित्र मिळवावे. गती त्यामुळे फारशी घटत नाही.

सारांश, सर्वांत महागडा प्रोसेसर वा सर्वांत मोठे ग्राफिक्स हे निवडीचे सूत्र नव्हे. प्रथम काम ठरवावे, मग पडदा, त्यानंतर ग्राफिक्स आणि शेवटी त्याला साजेसा प्रोसेसर. या क्रमाने पालकांना सल्ला दिला गेला, तर कष्टाने जमविलेला पैसा योग्य कारणी लागेल.