भातशेतीतील उंदीर आणि गावाची एकजूट

भात हे आशियातील कोट्यवधी कुटुंबांचे रोजचे अन्न. ते ताटात येण्यापूर्वीच त्याचा वाटेकरी होतो तो उंदीर. इंडोनेशियात कापणीपूर्वी भाताचे सर्वाधिक नुकसान करणाऱ्यांत त्याची गणना होते. त्यातही एखादे शेत सुखरूप राहते आणि शेजारच्या गरीब शेतकऱ्याचे अख्खे पीक आडवे होते.

या उंदराची वीण भाताच्या वाढीशी बांधलेली आहे. पीक पोटरीत येऊ लागले की मादी विते. गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा आणि एका वेळी दहाच्या आसपास पिल्ले! सर्वांचे भात एकाच सुमारास कापले गेले तर अन्नाबरोबर वीणही थांबते. लावण्या मागेपुढे झाल्या तर मात्र उंदीर एका शेतातून दुसऱ्या शेतात सरकतात आणि उशिरा लावणी करणाऱ्याला साऱ्या शिवाराचे उंदीर सोसावे लागतात.

एकट्याने विष घालून हा प्रश्न सुटत नाही. मेलेल्यांच्या जागी शेजारचे उंदीर येतात. शिवाय विषारी उंदीर खाऊन घुबडासारखे शेतकऱ्याचे मित्रही दगावतात.

१९९० च्या दशकात पश्चिम जावामध्ये शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांसह वेगळा उपाय अजमावला. एका छोट्या तुकड्यात इतरांपेक्षा दोन-तीन आठवडे आधी लावणी करायची, त्याभोवती प्लास्टिकचे कुंपण घालून त्यातील भोकांशी पिंजरे ठेवायचे. लवकर पोसणाऱ्या भाताच्या ओढीने उंदीर येतात आणि पिंजऱ्यात अडकतात. अशा एका कुंपणामुळे सभोवतालच्या सुमारे दहा हेक्टरांना संरक्षण मिळू शकते. जोडीला दोन आठवड्यांच्या आत सर्वांची लावणी आणि बिळे करता येऊ नयेत म्हणून ३० सेंटिमीटरपेक्षा अरुंद बांध राखावे लागतात.

खरी अडचण यानंतरची. कुंपण कोणाच्या शेतात घालायचे? खर्च कोणी सोसायचा? रोज सकाळी पिंजरे कोणी तपासायचे? फायदा शेजाऱ्यालाही होणार हे मान्य करूनच या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

आपल्या कोकणपट्टीत उंदीर-घुशींच्या जाती निराळ्या असल्या तरी त्यांनाही शेताची हद्द ठाऊक नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. रोजच्या भाकरीची प्रार्थना आपण ‘मला’ नव्हे, ‘आम्हाला’ असे म्हणून करतो. लावणीचा दिवस शेजाऱ्याशी बोलून ठरवणे, हीदेखील त्या प्रार्थनेची कृतीच होय.