पीआयपीचं पत्र हातात आलंय? राजीनामा आज टाईप करू नका



आपल्या चॅनेलवर येणारे बरेच जण अजून नोकरीत आहेत. दिवसा कंपनी, रात्री आणि रविवारी धंद्याची तयारी. अशा माणसाच्या हातात एखाद्या सोमवारी एचआरचं पत्र पडतं. 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन', म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा पीआयपी. काम अपेक्षेप्रमाणे नाही, 30, 60 किंवा 90 दिवसांत सुधारणा दाखवा, नाहीतर पुढची कारवाई. इतरांची झोप उडते. आपल्या लोकांना मात्र वेगळंच वारं शिरतं: "बरं झालं! नाहीतरी धंदाच करायचा होता." आणि त्याच संध्याकाळी राजीनामा.

व्हिडिओत हा मुद्दा दोन मिनिटांत उरकला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. धंदा सुरू करायची तारीख तुमच्या वहीतल्या हिशोबाने ठरू द्या, मॅनेजरच्या पत्राने नको. पीआयपीचे दिवस हे पगार चालू असलेले दिवस आहेत. रागाच्या भरात ते सोडून देणं परवडत नाही, आणि किती परवडत नाही ते आकड्यातच बघू.

समजा, चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत तुम्ही क्वालिटी इंजिनीअर आहात. पर्मनंट आहात, 4 वर्षं 7 महिने झालेत. लाकडी घाण्याचं तेल आणून रविवारी सोसायट्यांमध्ये विकता, पुढे स्वतःचा घाणा टाकायचाय. पीआयपी 60 दिवसांचा, नोटीस पिरियड 3 महिन्यांचा. आज भांडून लगेच बाहेर पडलात तर ग्रॅच्युइटीची 5 वर्षं पूर्ण होत नाहीत. पीआयपीचे 2 महिने काढले आणि त्यानंतर नोटीस पिरियड काम करून पूर्ण केला, तर होतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 असेल तर दर वर्षाचे 15 दिवस, 26 दिवसांचा महिना धरून, म्हणजे वर्षाला 15,000. पाच वर्षांचे 75,000. (नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे नेमका आकडा एचआरकडून लेखी घ्या. ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर 5 वर्षांची अटही लागत नाही, एक वर्ष पुरतं.)

आता हे 75,000 धंद्याच्या नजरेतून बघा. पीएमईजीपीसारख्या योजनेत सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या 10 टक्के स्वतःचे घालावे लागतात. 5 लाखांचा घाण्याचा प्रकल्प म्हटला तर 50,000. म्हणजे तुमचं भांडवल या पाच महिन्यांत बसलंय! पीएफचंही तसंच. सलग 5 वर्षं सेवा होण्याआधी काढलात तर त्यावर कर लागतो.

पत्र मिळालं त्या दिवशी काय करायचं? फारसं काही नाही. सही मागितली तर "पत्र मिळाले" असं लिहून खाली तारीख टाकून सही करा. मिळणं वेगळं, मान्य असणं वेगळं. वाद घालू नका, रडगाणं गाऊ नका, "लेखी उत्तर दोन दिवसांत देतो" म्हणा आणि घरी जा. घरच्यांना त्याच दिवशी सांगा. हे लपवणारे लोक पुढे धंद्यातलं कर्जही लपवतात, असा माझा अनुभव आहे.

लेखी उत्तर

इथे सगळ्यात जास्त डोकं लावा. लोक एकतर उत्तरच देत नाहीत, नाहीतर तीन पानांचं गाऱ्हाणं लिहितात. एचआरच्या फाइलमध्ये दोन्हींचा उपयोग तुमच्या विरोधातच होतो.

पत्रातली प्रत्येक तक्रार वेगळी काढा आणि स्वतःला विचारा, यातलं खरं किती? आपल्या उदाहरणात समजा दोन तक्रारी आहेत. एक, ग्राहकाच्या तक्रारीनंतरचे 8डी रिपोर्ट उशिरा जातात. दुसरी, "कामात पुढाकार दिसत नाही." पहिली मोजता येते, दुसरी हवेत आहे. मग उत्तर साधारण असं:

"आपले पत्र मिळाले. गेल्या तिमाहीत तीन 8डी रिपोर्ट उशिरा गेले, हे मान्य आहे. त्यापैकी दोन वेळा दुसऱ्या शिफ्टचा तपासणी डेटा मला चौथ्या दिवशी मिळाला, त्या मेलच्या तारखा खाली दिल्या आहेत. पुढे प्रत्येक रिपोर्ट पाच कामाच्या दिवसांत देईन. त्यासाठी शिफ्टचा डेटा दुसऱ्या दिवशीपर्यंत मिळावा, ही विनंती. 'पुढाकार' या मुद्द्यावर 60 दिवसांत नेमके काय दिसले म्हणजे सुधारणा झाली असे धरले जाईल, ते कृपया लेखी कळवावे. दर शुक्रवारी 15 मिनिटे आढावा घेता येईल का?"

बस. कुणाचं नाव नाही, राजकारण नाही, "मला टार्गेट केलं जातंय" नाही. तसं खरंच असलं तरी या मेलमध्ये नाही. जे चुकलं ते एका वाक्यात मान्य, जे दुसऱ्यामुळे अडलं ते तारखेसकट, आणि हवेतल्या शब्दाला मोजमाप मागितलेलं. धंद्यात ग्राहकाने "माल बरोबर नाही" म्हटलं तर आपण "कुठला लॉट, किती बाटल्या, काय खराबी" विचारतोच ना?

दर आढाव्यानंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: आज काय ठरलं, काय पूर्ण झालं, काय अडलं. मॅनेजरने उत्तर दिलं नाही तरी चालेल, नोंद राहते. स्वतःच्या साध्या वहीत तारखेनिशी टिपणही ठेवा. मात्र पुरावा गोळा करायच्या नादात कंपनीच्या फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तो वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा धरला जातो.

पीआयपी खरा की कागदोपत्री, हे साधारण तिसऱ्या आठवड्यात कळतं. आढावे होतायत, लक्ष्य तेच राहतंय, मागितलेली मदत थोडीफार मिळतेय, तर कंपनीला तुम्ही हवे आहात. आढावे रद्द होतायत, मध्येच लक्ष्य वाढतंय, तुमची कामं गुपचूप शेजारच्या टेबलावर चाललीत, तर निर्णय झालेला आहे. तेव्हा वाटाघाटीची तयारी करा. "आत्ताच राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू" असं सांगितलं तर खुर्चीत बसून सही करू नका. "मला दोन दिवस द्या, आणि अटी लेखी द्या," एवढंच म्हणा. नोटीस पिरियड की त्याचा पगार, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं प्रमाणपत्र, हे सगळं ठरल्याशिवाय राजीनामा नको. एकदा तो स्वीकारला गेला की परत घेणं फार अवघड. प्रकरण चिघळतंय असं वाटलं तर कामगार कायद्याच्या वकिलाची एक तासाची फी ही फायद्याची गुंतवणूक आहे.

तेलाच्या ऑर्डरी या काळात

ही आपल्या लोकांची खरी दुखरी नस. पीआयपी चालू असताना ऑफिसच्या वेळात व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणं, कंपनीच्या लॅपटॉपवर लेबल डिझाइन करणं, कंपनीच्या प्रिंटरवर कोटेशन काढणं, पूर्ण बंद. कामात कमी पडणं ही एक गोष्ट आणि गैरवर्तन ही दुसरी. नुसतं काम कमी पडलं म्हणून ग्रॅच्युइटी जात नाही. पण गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलं, त्यात कंपनीचं नुकसान दाखवलं, तर तेवढी रक्कम कापण्याची तरतूद कायद्यात आहे. नियुक्तीपत्र काढून बाहेरच्या व्यवसायाबद्दलचं कलम आजच वाचा. बऱ्याच पत्रांत ते असतं आणि सही करताना कुणी वाचलेलं नसतं. कलम कडक असेल तर हे दोन महिने रविवारची विक्रीही थांबवा. ग्राहक दोन महिने थांबतो, चांगलं तेल असेल तर नक्कीच.

विक्री थांबली तरी धंदा थांबत नाही. रात्री घरी बसून मशीनची कोटेशन्स, शेंगदाणा आणि करडईचे भाव, पेंडीचं गिऱ्हाईक, घरखर्चाचा सहा महिन्यांचा हिशोब, हे सगळं स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या वहीत करता येतं.

आणि पत्रातली पहिली तक्रार पुन्हा वाचा. रिपोर्ट उशिरा जातात. उद्या घाण्यावर बसलात की बिलं, जीएसटीचं रिटर्न, दुकानदाराचा फॉलोअप, सगळं वेळेवरच लागतं. तिथे कुणी 60 दिवसांची मुदत देत नाही, दुकानदार सरळ दुसऱ्याचं तेल ठेवतो. त्यामुळे मॅनेजर कितीही खडूस असला तरी ही एक सवय त्याच्या खर्चाने लावून घ्या. पगारही तोच देतोय.

कुणाकडे सध्या असं पत्र आलं असेल तर आज रात्री दोनच कामं करा: पत्रातल्या तक्रारी वहीत वेगळ्या लिहून काढा, आणि नियुक्तीपत्र शोधा. उत्तराचा मेल उद्या दुपारी, जेवण झाल्यावर लिहा.